शाईपेनची निब टाकाला लावायची, तर जिभेचं काय करायचं?

टाकाच्या दांडीत शाईपेनची निब खोचायची, दौतीत बुडवायची आणि लिहायला घ्यायचं. पहिल्याच अक्षरावर शाईचा थेंब पडतो. पुढचे दोन-तीन शब्द झकास उमटतात आणि पाचव्या शब्दाला निब कोरडी पडते. पुन्हा बुडवली की पुन्हा थेंब. बहुतेकांचा प्रयोग इथंच आटोपतो आणि खापर निबेवर फुटतं. पण पेनात असताना ही निब एकटी कधी लिहीतच नव्हती. अर्धं काम तिच्या पोटाखाली बसलेला काळा, कंगव्यासारख्या खाचांचा तुकडा करत होता आणि तोच आपण काढून बाजूला ठेवला. पेन दुरुस्त करणारे त्याला जीभ म्हणतात, कंपन्यांच्या भाषेत तो फीड. पुढचं सगळं या जिभेभोवती फिरतं.

शाई कुणाच्या पोटात

टाकाची निब म्हणजे कार्बन पोलादाचा पातळ पत्रा. टोकाला गोळी नसते, मागचा भाग चांगला खोलगट असतो आणि मधे एक छिद्र असतं. बुडवून वर काढली की या खोलगट पोटात, छिद्राच्या आसपास शाईचा थेंब लटकून राहतो. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या कातडीसारखा वागतो, त्यामुळे तो थेंब लगेच खाली पडत नाही. टोक कागदाला टेकलं की छिद्रापासून टोकापर्यंत गेलेल्या फटीतून शाई खाली ओढली जाते. या निबेची कोठी तिच्या स्वतःच्याच पोटात असते.

शाईपेनची निब स्टेनलेस स्टीलची किंवा सोन्याची असते आणि टाकाच्या निबेपेक्षा जाड असते. टोकाला कठीण धातूची बारीक गोळी जोडलेली असते. तिला आपण सवयीनं ‘इरिडियम’ म्हणतो, पण हल्लीच्या बहुतेक निबांच्या गोळीत इरिडियम नावापुरतंच किंवा अजिबात नसतं. दुसरेच कठीण धातू वापरलेले असतात. ही निब जिभेला घट्ट चिकटून बसावी अशा बेतानं वळवलेली असते आणि चकचकीत पॉलिश केलेली असते. तिच्या पोटात शाई साठवायची सोयच नाही. गुळगुळीत धातूवरून शाई घरंगळून सरळ टोकाशी गोळा होते आणि तोच पहिल्या अक्षरावरचा थेंब.

आता जीभ नीट पाहा. तिच्या वरच्या बाजूला लांबीभर एक खाच जाते आणि त्या खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा असतात. चिरांमधून शाई पुढं सरकते, खाचेच्या रुंद भागातून हवा मागं जाते. शाई आणि हवेची ही अदलाबदल नीट चालणारी जीभ बनवून लुईस वॉटरमननं अमेरिकेत १८८४ साली पेटंट घेतलं आणि शाईपेन भरवशाचं झालं. आडव्या खाचांचा कंगवा म्हणजे जास्तीच्या शाईसाठी ठेवलेली जागा. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभ्या माणसाच्या खिशातलं पेन तापतं, आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. ती शाई शर्टावर यायच्या आधी या खाचांमध्ये अडते.

टाकाला लावल्यावर याच खाचा उलट कामाला येतात. पेनात त्या मागून आलेली शाई अडवत होत्या, टाकात त्या दौतीतून शाई पिऊन घेतात. म्हणून पहिला सल्ला सरळ आहे, निब लावायची तर जिभेसकट लावा. ते जमणारं नसेल तर पोटाखाली दुसरी काहीतरी छोटी कोठी बसवा. दोन्हीच्या रीती पुढं दिल्या आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण शाईचं. लाखेची जलरोधक ड्रॉइंग इंक पेनात भरली की पेन गेलंच समजा. लाख एकदा आत वाळली की पाण्यानं निघत नाही. टाकात मात्र निब आणि जीभ दोन्ही हातात निघून येतात, लगेच धुता येतात. दुसरं कारण कागदाचं. टाकाची अणकुचीदार निब साध्या वहीच्या कागदात रुतते, तंतू उपटते आणि फटीत अडकवून घेते. गोळी असलेली निब त्याच कागदावरून लोण्यासारखी जाते. गोळीमुळे ती डाव्या हातानं लिहिणाऱ्याला, म्हणजे निब पुढं ढकलत नेणाऱ्यालाही अडत नाही. तिसरं, स्टेनलेस स्टील सहजी गंजत नाही. टाकाची साधी निब एका रात्रीत ओली राहिली तर सकाळी तांबूस झालेली दिसते. शिवाय चार रंगांच्या शाया तपासायच्या तर पेन चार वेळा भरून चार वेळा धुण्यापेक्षा टाक बुडवणं केव्हाही सोपं. आणि फुटलेल्या पेनांच्या चांगल्या निबा घरात पडून असतात, त्या कामाला लागतात.

जे मिळणार नाही तेही आधीच सांगून टाकू. टाकाच्या लवचिक निबेची दाबली की जाड, सोडली की बारीक अशी रेघ यातून येत नाही. शाईपेनची स्टीलची निब ताठ असते. ती दाबून फाकवायला गेलात तर एकदा वाकलेल्या पाती, म्हणजे फटीच्या दोन बाजू, पुन्हा पूर्ववत होत नाहीत. जाड-बारीक अक्षरच हवं असेल तर टाकाची निबच घ्या, तिथं काटकसर कामाची नाही.

कल्पना नवीनही नाही. अमेरिकेतल्या एस्टरब्रुक कंपनीचे ‘डिप-लेस’ नावाचे टेबलावरचे संच असत. त्यात निबेखाली जीभ बसवलेली असे आणि टाक दौतीच्या तोंडात उभा ठेवला की शाई आपोआप वर चढून भरत असे. जपानची सेलर कंपनी ‘होकोरो’ नावाचा टाक विकते, त्याची निब शाईपेनच्या निबेच्या वळणाची असते आणि पोटाखाली बसवायची छोटी कोठी वेगळी मिळते.

दांडीत निब बसते की नाही

टाकाच्या दांड्या साधारण दोन जातींच्या मिळतात. एकीच्या तोंडात पत्र्याच्या चार पाकळ्या असतात, त्या निबेला आतून दाबून धरतात. दुसरीत लाकडात किंवा प्लास्टिकमध्ये नुसती गोल चीर असते. चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांकडे बहुधा यातलीच एखादी सापडते. पाकळ्यांची असेल तर बरं, कारण ती थोडं कमी-जास्त सांभाळून घेते.

निबेकडे या. बाजारात ५ नंबर आणि ६ नंबर हे दोन आकार सर्रास दिसतात. आकडा ढोबळमानानं जिभेच्या मिलिमीटरमधल्या व्यासावरून पडलेला आहे. आपल्याकडच्या इबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, हातघडणीच्या पेनांत ३५ मिमी आणि ४० मिमी लांबीच्या निबाही बसवलेल्या असतात. पण कंपनीगणिक फरक पडतो, त्यामुळे नंबरावर विसंबू नका. साध्या व्हर्नियरनं निबेच्या मागच्या टोकाची रुंदी मोजा आणि दांडीच्या चिरेशी ताडून पाहा.

निब एकटीच लावायची असेल तर तिचं मागचं टोक पाकळ्यांच्या बाहेरून, दांडीच्या कड्याच्या आतून सरकवा. आठ ते दहा मिलिमीटर आत गेली की पुरे. छिद्र आणि खांदे, म्हणजे निबेचा सगळ्यात रुंद भाग, बाहेरच राहिले पाहिजेत. सरकवताना निबेच्या दोन्ही कडा बोटांत धरायच्या. टोकाला धरून ढकललं की पाती एकमेकींवर चढतात. सैल बसत असेल तर नळाला लावतात ती पांढरी टेफलॉन टेप पाकळ्यांवर दोन-तीन वेढे गुंडाळा. कागदाची घडी खोचू नका. तो शाई पितो, फुगतो आणि दुसऱ्या दिवशी निब वाकडी दिसते.

घट्ट होत असेल तर मात्र जोर करू नका. निबेची मागची कमान जबरदस्तीनं फाकवली तर पुढं टोकाशी फट उघडते, आवळली तर फट मिटते किंवा एक पात दुसरीखाली जाते. दोष मागं झालेला असतो आणि दिसतो पुढं, म्हणून माणूस टोकच घासत बसतो. पक्कड तर अजिबात नको. अशी न बसणारी निब असेल किंवा जीभही सोबत लावायची असेल, तर दांडी घरीच करावी.

दांडी घरी करताना

धडगाव-अक्कलकुव्याकडं सातपुड्यात मिळणारा मानवेल बांबू यासाठी उत्तम, कारण तो बराचसा भरीव असतो. १० ते १२ मिमी जाडीची, १६० मिमीच्या आसपास लांबीची कांडी घ्या. एक पेर पुढच्या टोकापासून थोडं मागं येईल अशी कापलीत तर फाटायचा धोका कमी. कांडी पूर्ण वाळलेली हवी. ओल्या बांबूला भोक पाडून ठेवलं तर खानदेशी उन्हाळ्यात तो आकसतो आणि तोंडाशी चीर जाते. पऱ्हाटीची काडी बांधावर फुकट मिळते, पण तिचा गाभा मऊ असतो. ड्रिल त्या गाभ्याकडं घसरतं आणि भोक वाकडं जातं. सागाची गोल पट्टी मिळाली तर तीही चालते.

निब आणि जीभ पेनात होती तशी एकमेकींवर ठेवा आणि मागच्या टोकाशी दोन्हींचा मिळून व्यास मोजा. या आकड्यापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी लहान बिट घ्या आणि १५ मिमी खोल भोक पाडा. भोक पाडण्याआधी तोंडापासून मागं ४ मिमीवर साध्या दोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे देऊन गाठ मारा, म्हणजे बांबू फाटत नाही. मग १५० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून आतून थोडं थोडं घासा आणि दर वेळी निब-जीभ लावून पाहा. बोटांच्या ताकदीनं जाईल आणि हलवल्यावर हलणार नाही इतकंच घासायचं. एकदा जास्त घासलं गेलं की मागं येता येत नाही, मग पुन्हा टेफलॉन टेपच.

भोकाच्या आत आणि कापलेल्या तोंडावर लाखेचं पॉलिश किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. हे टाळू नका. बांबूच्या कापलेल्या तोंडाला उभ्या नळ्या असतात आणि त्या दिव्याच्या वातीसारखी शाई वर ओढतात. पॉलिश नसेल तर आठवड्याभरात दांडी बोटांपर्यंत निळी होते आणि जिभेतली शाई कागदावर यायच्या आधी बांबूच पितो. निब किंवा जीभ गोंदानं चिकटवायची मात्र नाही, धुण्यासाठी ती निघालीच पाहिजे.

याहून सोपी युक्ती म्हणजे मोडक्या पेनचा पुढचा भाग, जिथं आपण बोटं धरतो तो, जसाच्या तसा वापरायचा. निब-जीभ त्यात आधीच बसलेली असते. मागच्या आट्यांमध्ये बसेल अशी काडी तासून खोचली की टाक तयार. फक्त त्या भागाचं मागचं तोंड आधी मेणानं किंवा रबरी बुचानं बंद करा. ते उघडं राहिलं तर दौतीत बुडवल्यावर शाई जिभेतून मागच्या पोकळीत चढते आणि वरून हवा मोकळी येत असल्यानं लिहिताना भळकन खाली येते. बंद असेल तर आतली कोंडलेली हवा तिला चढू देत नाही.

कुणी म्हणेल, मग रिकामं शाईपेनच बुडवून का लिहू नये? लिहावं. नुसती शाई तपासायची असेल तर शाईची नळी काढून, मागून मेण लावलेलं स्वस्तातलं पेन अगदी हेच काम करतं. टाक हवा तो सुटसुटीतपणासाठी, लाखेच्या शाईसाठी आणि थोडासा हौसेसाठी.

जीभ लावताना दोन गोष्टी पाहा. जिभेचं टोक निबेच्या टोकापासून ५ ते ७ मिमी मागं हवं आणि जिभेची मधली खाच निबेच्या फटीच्या बरोबर खाली हवी. दोघींत अंतर राहता कामा नये. वहीच्या कागदाची चिंचोळी पट्टी मधून सरकली तर जीभ सुटलेली आहे असं समजा. इबोनाइटची जीभ असेल तर ती गरम पाण्यात वीसेक सेकंद धरून मऊ करता येते आणि निबेवर अंगठ्यानं दाबून थंड होईपर्यंत धरली की तिचा आकार घेते. उकळतं पाणी नको, ७० ते ८० अंश पुरे. उकळत्या पाण्यात इबोनाइट तपकिरी पडतं. प्लास्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नका, ती मनाला येईल तशी वाकते.

जीभ हरवली असेल तर

जुन्या पेनांची निब सापडते आणि जीभ तुटलेली निघते. अशा वेळी तांब्याच्या तारेची कोठी करायची. विहिरीच्या मोटारी जिथं भरतात अशा रिवाइंडिंगच्या दुकानात ०.३ मिमीच्या आसपास जाडीच्या तारेचे तुकडे मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. या तारेवर वार्निशचा थर असतो. तो आपल्या फायद्याचा, खरवडू नका. शाईतली आम्लता तांब्याला खाते, थर असेल तोवर तार टिकते.

दोन मिमी जाडीच्या सुईवर तारेचे आठ ते दहा वेढे एकमेकांना चिकटून घ्या. साधारण तीन मिमी लांबीची स्प्रिंग होईल. सुई काढून स्प्रिंग किंचित ओढा, दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकी फट पडली पाहिजे. लांबी आता पाच-सहा मिमी भरेल. मागं १५ मिमीचं शेपूट सोडा. स्प्रिंग निबेच्या पोटाला लागेल अशी, पुढचं टोक निबेच्या टोकापासून ४ मिमी मागं ठेवून शेपूट निब आणि दांडी यांच्यामध्ये दाबून बसवा. स्प्रिंगचा निदान एक वेढा निबेच्या फटीला टेकला पाहिजे. तो टेकलेला नसेल तर स्प्रिंगमध्ये शाई भरलेली दिसते आणि निब तरी कोरडीच राहते.

वेढे अगदी चिकटलेले राहिले तर शाई आत शिरायला जागा नाही, फार लांब ओढले तर थेंब धरून ठेवण्याइतकी फट अरुंद राहत नाही. इथं हात बसायला दोन-तीन स्प्रिंगा वाया जातात.

तार नको असेल तर पाण्याच्या प्लास्टिक बाटलीची साडेतीन मिमी रुंद, २२ मिमी लांब पट्टी कापा. पुढं निमुळती करा आणि निबेच्या पोटाखाली, फटीला जेमतेम टेकेल अशी सरकवा. करायला तारेपेक्षा सोपी, पण शाई तारेइतकी धरत नाही.

कशानं किती लिहून होतं, याचा ढोबळ अंदाज असा. एकटी निब एका बुडवणीत चार-पाच शब्द, तारेची स्प्रिंग एक ते दोन ओळी आणि चांगली, खोल खाचांची जीभ असेल तर सात-आठ ओळी, कधी कधी अर्धं पान. मध्यम टोकाची निब बारीक टोकापेक्षा लवकर रिकामी होते, हे ओघानं आलंच.

बुडवायचं कसं

नवी निब आधी भांड्याच्या साबणाच्या एका थेंबानं आणि मऊ ब्रशनं धुवा. कारखान्यातल्या तेलाचा थर असेल तर शाई तिच्यावर मोत्यांसारखी गोळा होते, पसरत नाही. टाकाच्या निबा दिव्याच्या ज्योतीवर धरून तो थर जाळायची जुनी पद्धत आहे. शाईपेनच्या निबेला ती लावू नका. पोलादाचा ताठपणा जातो, सोन्याचा मुलामा काळवंडतो आणि जीभ सोबत असेल तर ती वितळते किंवा करपते.

एकटी निब छिद्राच्या वरपर्यंत बुडवायची. जीभ असेल तर बाहेर दिसणारा सगळा कंगवा बुडेल इतकी, आणि पाच-सहा सेकंद तशीच धरायची. खाचांमधली हवा बारीक बुडबुड्यांनी निघून जाते, बुडबुडे थांबले की समजा भरली. वर काढताना सावकाश. झटकन काढली की शाई बाहेरून लगडून येते. मग दौतीच्या काठाला पोटाची बाजू एकदा आणि टोक एकदा टेकवायचं. झटकायचं मात्र नाही, भिंत आणि शेजारी बसलेला दोघंही वाचतात. पहिली रेघ रद्दी कागदावर ओढा, मग वहीत या.

लिहिताना कागदाशी ४५ ते ५५ अंशांचा कोन आणि दाब अजिबात नाही. निब जितकी उभी धराल तितकी शाई लवकर खाली धावते. जीभ रिकामी होत आल्याची खूण म्हणजे रेघ फिकी पडते. ती पूर्ण तुटायची वाट न पाहता बुडवलं तर अक्षराचा रंग एकसारखा राहतो.

मोठ्या दौतीत तळाला शाई उरली की निब पोचत नाही आणि दांडी काठाला लागून हात माखतो. होमिओपॅथीची ५ मिलीची शिशी आणि ती उभी राहावी म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात पाडलेलं भोक, एवढी सोय केली तर काम सुटसुटीत होतं. शिशीचं तोंड मात्र निब-जीभ आरामात आत जाईल इतकं रुंद बघून घ्या. शिशीत घेतलेली शाई परत मूळ बाटलीत ओतू नका. निबेवरची धूळ, कागदाचे तंतू आणि दुसऱ्या शाईचा अंश तिच्यासोबत जातो, आणि पुढं बाटलीत बुरशी धरली की दोष कंपनीला जातो.

शाई आणि हवामान

शाईपेनची नेहमीची शाई पातळ असते. जीभ किंवा तारेची स्प्रिंग असेल तर ती आहे तशीच वापरा. निब एकटीच असेल तर ती घरंगळते, म्हणून तिला थोडा चिकटपणा द्यावा लागतो. बाभळीचा स्वच्छ डिंक एक भाग आणि पाणी दोन भाग वजनानं घेऊन रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा. ५ मिली शाईत याचे एक-दोन थेंब पुरतात. तीन-चार घातले की रेघ ओढताना तार सुटते आणि वाळल्यावर पानं एकमेकांना चिकटतात. डिंक घातलेली शाई पेनात भरायची नाही, हे शिशीवर लिहूनच ठेवा.

मायफळ आणि हिराकस यांच्या जुन्या पद्धतीच्या शाईला स्टेनलेस निब बऱ्यापैकी तोंड देते, पण जिभेच्या चिरांत काळा गाळ बसतो. त्या दिवशीचं लिखाण संपलं की निब-जीभ धुतलीच पाहिजे. लाखेच्या ड्रॉइंग इंकला तेवढीही सवलत नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाण्यात बुडवून पुसा. काजळ आणि डिंकाची, पोथ्यांसाठी वापरत ती शाई जिभेला दाखवूच नका. काजळीचे कण चिरांमध्ये बसले की निघत नाहीत. तिला बोरूच बरा, किंवा जिभेविना एकटी निब.

काजळीची शाई बोरूनं कशी उमटते ते पाहायचं असेल तर धुळ्यात जा. समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुन्या हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असल्यामुळे तिथल्या अक्षरांना जे वळण दिसतं, ते शाईपेनच्या रुंद टोकाच्या, स्टब म्हणतात त्या निबेनं हुबेहूब येत नाही. स्टबचं टोक सरळ कापलेलं असतं. हात फिरवून जवळपास जाता येतं एवढंच.

हवेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये जळगावात ४४-४५ अंशांचा पारा असताना उघडी शिशी दुपारभरात दाट होते. रंग गडद दिसायला लागला, रेघ अडखळायला लागली, की निब घासण्याआधी शाईत दोन-तीन थेंब पाणी घालून पाहा. पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार निबेवर पांढुरके बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी चालेल. लिहिताना पंखा थेट निबेवर आला तरी टोकाशी शाई वाळते, वाक्य सुचेपर्यंत टाक हवेत धरून बसायची सवय असेल तर हे विशेष जाणवतं. पावसाळ्यात उलटा त्रास. कागद ओल धरतो आणि अक्षराच्या कडांना केस फुटतात. वह्या पिशवीत बांधून ठेवल्या तर फरक पडतो. निब बदलून पडत नाही.

बिघाड कुठं शोधायचा

बुडवल्या बुडवल्या रेघच उमटत नसेल तर आधी तेलाचा थर, मग मिटलेली फट. सोनार वापरतात तसं दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावून निब उजेडासमोर धरा. छिद्रापासून टोकाकडं उजेडाची रेघ निमुळती होत जायला हवी. मधेच बंद होत असेल तर ०.०५ मिमीची पितळी पट्टी फटीतून दोन-चार वेळा हलकेच फिरवा. दाढीचं ब्लेड ०.१ मिमीचं असतं, शिवाय धारेचं. ते फटीत घातलं की आतल्या कडा ओरबाडल्या जातात.

निब एका बाजूलाच खरखरत असेल तर बहुधा एक पात वर चढलेली असते. वरची पात नखानं किंचित खाली दाबा, पाच सेकंद धरा, पुन्हा भिंगातून बघा. पॉलिश पेपर घेण्याआधी दहादा विचार करावा. गोळी जेमतेम एक मिलिमीटरची, घासलेली परत येत नाही.

दर बुडवणीला थेंब पडतोच अशी तक्रार असेल तर जीभ सुटली आहे का आणि काठाला टेकवायचं राहून जातं का, या दोनच गोष्टी पाहाव्यात. शाई दांडीकडं चढत असेल तर तुम्ही जास्त खोल बुडवताय किंवा तोंडावरचं पॉलिश उडालंय.

धुण्याला कोमट पाणी पुरतं. निब आणि जीभ वेगळी करून दोन्ही कपभर पाण्यात दहा मिनिटं ठेवा, जिभेच्या खाचा दातांच्या जुन्या मऊ ब्रशनं आडव्या घासा आणि सुती कपड्यावर पालथ्या वाळवा. वाळलेल्या लाखेसाठी स्पिरिट लागतं, तेही फक्त निबेला. प्लास्टिकच्या जिभेला आणि पेनच्या पुढच्या भागाला स्पिरिट किंवा थिनर लावला तर तडे जातात.

सोन्याच्या निबेवर १४ कॅरेटसाठी ५८५ किंवा १८ कॅरेटसाठी ७५० असा आकडा कोरलेला असतो. असा आकडा दिसला तर ती निब टाकाला लावू नका. सोनं मऊ, दांडीच्या पत्र्यानं कमान चटकन बिघडते. सराफाकडं मोडीत घालायचाही मोह नको, वजनात ती अगदीच थोडी भरते आणि चालू निब म्हणून तिची किंमत त्याहून कितीतरी जास्त असते. दिवाळीच्या वहीपूजनाला टाक-दौत मांडायची असेल तर स्टीलची निब पुरेशी आहे. फक्त वहीवर ‘श्री’ काढायच्या आधी एक रेघ रद्दीवर ओढून घ्या.